पहिल्या नंबरावरची तीन अक्षरं

ती. दादास,

साष्टांग नमस्कार (वाकताना कंबर धरली, तरी तो पूर्ण समजावा). तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? हे पत्र बसून वाच, कारण बातमी तुझ्या तब्येतीला मानवेल असं नाही. दादा, तुझा विक्रम मोडला. मी मोडला.

लाँड्रीतलं ते अंतराळयानाच्या खेळाचं यंत्र तुला आठवतंच असेल. खाली आपलं इवलंसं यान, वरून चांदण्या सरसर खाली येतात आणि त्यांच्या आडून शत्रूंच्या रांगा. सव्वीस वर्षं त्याच्या सर्वाधिक गुणांच्या यादीत पहिल्या नंबरावर तुझ्या नावाची तीन अक्षरं बसली होती, आणि तितकीच वर्षं तू घरच्या प्रत्येक लग्नात मला ते ऐकवत होतास. (माझा कामाचा पांढरा कोट आठवड्यातून दोनदा धुवायला जातो तो उगाच नाही.) मंगळवारी तोच आणायला गेले, तर लाँड्रीवाले काका म्हणाले, "उद्या हे भंगारात जातंय. इथे ड्रायर बसवतोय." म्हटलं, आता राहिलं तर राहिलंच.

खिशात हेडमास्तरांची कवळी होती. (हो, तुला याच यंत्रापासून कान धरून शाळेत नेणारे तेच. दात गेले, दरारा आहे.) मी बनवलेल्या तीन कवळ्या त्यांनी टोचतात म्हणून परत केल्या होत्या, ही चौथी, चार वाजता त्यांच्या घरी पोचवायची होती. ती डबीसकट यंत्रावर ठेवली आणि खेळायला लागले. साडेचारला हेडमास्तर स्वतःच शोधत आले. आता माझा कान धरणार असं वाटलं, पण ते मागे उभे राहून पडद्याकडे बघत सूचनाच द्यायला लागले. दातांविना त्यांचं डावं आणि उजवं एकसारखंच ऐकू येत होतं, त्यात माझी दोन यानं गेली. शेवटी वैतागून त्यांनी डबी उघडली, कवळी तोंडात बसवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "डावीकडे सरक, गाढवे." मी सरकले. अर्धा पडदा व्यापणारं ते शेवटचं अजस्र जहाज फुटलं. तुझ्यापेक्षा चारशे दहा गुण जास्त. काकांनी इस्त्री उभी करून टाळ्या वाजवल्या. हेडमास्तर कवळी न काढताच घरी गेले. चौथी टोचत नाही. एका दुपारी दोन गड सर झाले, दादा, आणि इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

तुझी विजयी धाकटी बहीण

ता. क. : नाव घालायची वेळ आली तेव्हा जरा घोळ झाला. लहानपणी तुझे हात घामेजायचे, म्हणून तुझी अक्षरं दर वेळी मीच घालायचे. बोटांना तीच सवय. त्यामुळे आता पहिल्या नंबरावर तू आहेस, आणि दुसऱ्यावरही.

ता. ता. क. : यंत्र जायच्या आधी काकांनी त्या यादीचा फोटो काढून भिंतीवर लावलाय. त्याखाली चिकटवायला "पहिला नंबर माझा नाही, बहिणीचा आहे" एवढं तुझ्या हस्ताक्षरात लिहून पाठव. हेडमास्तर साक्षीदार म्हणून सही करायला तयार आहेत, फक्त आधी तुझं शुद्धलेखन तपासणार म्हणतात.