लाल दोरा, पांढरा दोरा

साईं, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची आठवण काढायलाही आता माझ्याशिवाय कुणी उरलं नसेल. मी बदलापुरात लेकाच्या घरी असते. आज तुम्हाला लिहायला बसलेय खरी, पण लाज वाटतेय.

निर्वासितांच्या कॅम्प नंबर पाचमधली तुमची बराक आठवते. मधे गोणपाटाचे पडदे, त्यातल्या एका पडद्याआड तुमचं बिऱ्हाड. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात मी टायपिस्ट होते, तिथे यंत्रं बसवायला हॉलंडचा इंजिनियर आला होता. मोठे साहेब म्हणाले, ज्याला त्याची भाषा येईल त्याला कायम करू. जागा एकच. कुणीतरी सांगितलं, कॅम्पात एक म्हातारे सिंधी आहेत, जावा बेटावर डचांच्या राज्यात कापडाच्या दुकानात वीस वर्षं काढलीत, डच फाडफाड बोलतात. मी आले, तर तुमच्या घरच्या काकींनी आधी पापड आणि पाणी पुढे केलं. त्याशिवाय तुमच्याकडे आलेल्या माणसाशी बोलणंच सुरू होत नसे.

आणि शिकवायची तुमची ती तऱ्हा! घरातल्या प्रत्येक वस्तूला दोरा. डच लोक नामाआधी कधी 'दे' लावतात, कधी 'हेट'. दे-वाल्याला लाल दोरा, हेट-वाल्याला पांढरा. खुर्चीला लाल, दाराला लाल, खाटेला पांढरा, काकींच्या लाटण्यालासुद्धा लाल. मी आपली मराठीच्या भरवशावर, नपुंसकलिंग दिसलं की हेट. ते घर, ते पुस्तक, ते पाणी, तिघांनाही हेट लावलं आणि बरोबर निघालं, तशी चढूनच बसले. मग टेबलालाही हेट ठोकलं. तुम्ही कपाळाला हात लावता. "अरे बाबा! हमारे दो, तुम्हारे तीन, उनके दो. पण त्यांचे दोन आपले नाही ना, बेटी! अक्कल मत लगाओ, धागा देखो." काकी पापड लाटता लाटता हसतात.

बदल्यात तुम्ही एवढंच मागितलंत, साहेबाच्या कानावर माझं नाव घाल. दुभाष्याचं काम मिळालं तर या वयात पुन्हा मान वर करून चालता येईल, म्हणालात. मी हो म्हटलं. दर खेपेला तुम्ही विचारायचात आणि दर खेपेला मी, "सांगते हो, साहेब कामात आहेत." साफ खोटं. तुम्ही आलात तर मला कोण ठेवून घेणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी तुम्हीच आलात. दुपारची सुट्टी झालीय, मी आणि तो डच साहेब फाटकाशी, आणि समोर तुम्ही. धुतलेला कोट, हातात काकींच्या पापडांचं पुडकं, पहिल्या भेटीला रिकाम्या हाती कसं जायचं म्हणून. साहेबाने विचारलं, हा कोण? आणि मी मेलीने त्याच्याच भाषेत सांगितलं, "कुणी नाही, तो पापडवाला माणूस." तुम्ही ऐकलंत. डचमध्ये एक शब्द बोलला असतात तर माझं सोंग तिथेच उघडं पडलं असतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, पुडकं पुढे केलंत आणि म्हणालात, "पापड, साब. अच्छा पापड." साहेबाने नको म्हणून मान हलवली आणि आम्ही पुढे गेलो.

मी कायम झाले. तुमच्या बराकीकडे पुन्हा फिरकले नाही. तुम्ही गेल्याचं बाजारात कळलं, तेव्हाही काकींसमोर उभं राहायची हिंमत झाली नाही. डच मी पुस्तकातून शिकले, असंच सगळ्यांना सांगत आले. हे पत्र टाकायचं तरी कुठे? कपाटात साड्यांखाली ठेवीन झालं.

पण एक गोष्ट राहिली. त्या दिवशी फाटकाशी ते वाक्य तोंडातून सुटलं, तेव्हा मला आधी लाज वाटलीच नव्हती. लाल दोऱ्याचा 'दे' अगदी जागेवर लागला होता, आणि मी तुमच्याकडे पाहिलं ते शाबासकीसाठी.