खुश्कीच्या मार्गाने ताईंकडे

२ फेब्रुवारी
निर्णय झाला. बायकोच्या ताईंकडे विमानाने जायचं नाही, खुश्कीच्या मार्गाने जायचं. वाटेत दोन देश लागतात, तिसऱ्यात ताई. म्हणजे तीन सीमा, आणि तिन्ही पायी ओलांडायच्या. विमानाचं काय, डोळा लागला की पोचलं. बायको म्हणाली, नऊ वर्षांत ताईचं तोंड पाहिलेलं नाही, गुडघ्यांमुळे तिला इकडे येववत नाही, मला फक्त पोचायचं आहे. प्रवास म्हणजे काय हे तिला कळत नाही. हळूहळू शिकवीन.

४ फेब्रुवारी
मेहुणाही येतो म्हणतोय. त्याचं औषधांचं दुकान आहे आणि ऊठसूट 'एजंटला विचारू या' म्हणायची सवय. एजंटला कशाला? मी पाणीपुरवठा खात्यात उभा जन्म अर्ज तपासण्यात घालवला. कोपरा दुमडलेला दिसला, अर्ज परत. सही चौकटीबाहेर, अर्ज परत. मला कागद शिकवणार एजंट? मेहुणा म्हणाला, भावोजी, तुम्ही म्हणाल तसं. आणि गप्प बसला. त्या गप्प बसण्यात आदर होता.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
सीमेची रंगीत तालीम. हॉल हा आपला देश, स्वयंपाकघर परदेश. दारात स्टूल टाकून मी इमिग्रेशन ऑफिसर झालो. बायको हॉलमधून आत निघाली होती. प्रवासाचा उद्देश विचारला. ती म्हणाली, ताटं घ्यायची आहेत. गांभीर्य नाही. पुन्हा विचारलं, तर म्हणाली, बहिणीला भेटायला. मी समजावलं की तिथे मोघम बोलायचं, 'टुरिझम' म्हणायचं. तिने विचारलं, खरं सांगायला काय झालं? नापास केलं. तिने मला ओलांडून आत जाऊन परदेशाचं दार लावून घेतलं आणि आतच जेवली.

मी बिस्किटं खाल्ली. शिस्त लावायची म्हणजे थोडी झळ सोसावी लागते.

२० फेब्रुवारी
जाकीट घेतलं. खिसेच खिसे. पासपोर्टला वेगळा, तिकिटांना वेगळा, पेनला वेगळा. दुपारभर आरशासमोर सराव केला: शांत पण अधिकारी चेहरा. बायको म्हणाली, पोट दुखतंय का?

संध्याकाळी चष्मा सापडेना. जाकिटातच होता. पद्धत उत्तम आहे, फक्त सवय व्हायला हवी.

२६ फेब्रुवारी
भाषांचा अभ्यास सुरू. रोज सकाळी तासभर करायचा ठरवलं आहे. उद्यापासून.

३ मार्च
तिघांचे प्रवेशपरवाने आले. प्रत्येक देशाचा एक सुटा कागद, इतका पातळ की शिंकलं तर उडेल. परराष्ट्र खात्यांची ही अक्कल. वाटेत घाम आहे, पाऊस आहे, मेहुण्याचा थर्मास आहे. मी लगेच उपाय शोधला: लॅमिनेशन. जुन्या ऑफिसखालच्या दुकानात जाऊन माझे तिन्ही परवाने करून आणले. काय कडक दिसतात!

बायकोचेही मागितले. तिने पर्स छातीशी धरली आणि म्हणाली, माझ्या कागदांना हात लावायचा नाही. मेहुणा म्हणाला, एजंट म्हणतो की आहेत तसेच ठेवा. म्हणजे चोरून विचारलंच! ठीक आहे. सीमेवर दोघं ओलावलेले कागद झटकत उभे राहतील, तेव्हा मी काही बोलणार नाही. फक्त बघेन.

४ मार्च
अभ्यास उद्यापासून. आज बॅगेची चाकं तपासली.

१४ मार्च, पहिल्या सीमेवर
आपल्या बाजूचं काम पाच मिनिटांत. पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का. ऊर भरून आला. मग पूल पायी ओलांडला. पुढे मी.

पलीकडे बायकोला उद्देश विचारला. तिने बहिणीला भेटायला असंच सांगितलं. ऑफिसर चक्क हसला आणि शिक्का मारला. मेहुण्यालाही मारला. मग मी परवाना ऐटीत काउंटरवर ठेवला.

१४ मार्च, दुपार, तिथेच
शिक्का प्लॅस्टिकवर बसत नाही. ऑफिसरने दोनदा मारला आणि दोन्ही वेळा अंगठ्याने पुसून दाखवला. मी मार्कर सुचवला. त्याने साहेबाला बोलावलं. साहेब म्हणाला, या कागदात फेरफार झाला आहे, नवीन आणा. कुठून? तुमच्या राजधानीतल्या आमच्या वकिलातीतून. मेहुण्याच्या कात्रीने प्लॅस्टिक सोलून पाहिलं. माझं अर्धं नाव सोबत निघून आलं.

मग जागेवर रीतसर अर्ज लिहून दिला, विषय, संदर्भ, सगळं घालून. साहेबाने न वाचता परत केला. मी असतो तर निदान वाचून परत केला असता.

बायकोला म्हटलं, काळजी करू नकोस, आपण तिघं परत जाऊ, महिन्याभरात नवे परवाने काढू, पुन्हा निघू. ती पलीकडच्या बसकडे बघत होती. मग म्हणाली, ताई वाट बघतेय. पुढची तिकिटं तुमच्याकडे आहेत ना, तेवढी द्या.

तिकिटं शोधायला मी, ती, मेहुणा आणि तो ऑफिसर असे चौघं लागलो. जाताना ती म्हणाली, गोळ्या वेळेवर घ्या. मेहुणा म्हणाला, भावोजी, जपून जा. त्याला हसू आवरत नव्हतं, पण मी मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं.

१६ मार्च
घरी. पासपोर्टवरच्या शिक्क्यावर 'रद्द' असा दुसरा शिक्का आहे. म्हणजे सरकारदरबारी मी कुठे गेलोच नव्हतो. शेजारच्यांना सांगितलं, मी फक्त पाहणी करायला पुढे गेलो होतो. ते म्हणाले, वा.

नवा अर्ज करायचा आहे. या वेळी तयारी पक्की. उद्यापासून.

२२ मार्च, सकाळ
फोन आला. पोचले. उरलेल्या दोन सीमा बसमधून उतरून चढेपर्यंत संपल्या म्हणे. मी विचारलं, काय काय प्रश्न विचारले? तिला आठवत नव्हतं. मागून ताईंचा आवाज येत होता. दोघी कशावर तरी हसल्या. बायको अशी हसते हे मी विसरलोच होतो.

म्हणाली, दोन महिने राहीन म्हणते. येताना विमानानेच येईन. तुम्ही मुद्दाम निघू नका.

मी जरा खाकरून विचारलं, माझा तो सीमेवरचा प्रकार ताईंना कसा सांगितलास? मला वाटलं, रंगवून सांगितला असेल, त्यावरच हसत असतील. ती म्हणाली, अहो, तुमचा विषय अजून निघालाच नाही. नऊ वर्षांचं बोलायचं साठलंय.

मला वाईट वाटलं. ते लिहून ठेवतो, इथे कोण बघतंय.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, कुकर किती शिट्ट्यांवर बंद करायचा ते विचारायचं राहिलं. पुन्हा लावला. दोनदा लावला. नुसती रिंग वाजत राहिली.