आप्पांनी चाचपलेला पोर्ट

दादा,

पाकिटावर लिहायला तुझा पत्ता नाही, तरी लिहिते.

१. आप्पांची नजर गेली.
२. तू भांडून अर्धवट टाकलेलं रोटरी इंजिन मी पूर्ण केलं. एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे जळका वायू बाहेर पडायचं तोंड, घासून रुंद केलं.
३. आप्पांनी त्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"पोराचा हात बसला एकदाचा," ते म्हणाले. "गाढव आला कधी?"

आई कुजबुजली, "सांग ना, तू केलंस म्हणून."

मी सांगितलं नाही. त्या दिवशी आप्पा पोटभर जेवले.

रविवारी इंजिन सुरू करायचं आहे. तू शेजारी उभा असशील, असं ते धरून चालले आहेत. येणार आहेस की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळव.

तुझी धाकटी