हॉलमधल्या समुद्राचा दिवा

मी, खाली सही करणारी, रुग्णालयाच्या एक्स-रे विभागातून निवृत्त झालेली विधवा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझं डोकं फिरलंय असं दीर म्हणतील. ते माझ्या लग्नापासून तेच म्हणत आले आहेत, तेव्हा तो पुरावा धरू नये.

राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलाला. त्यात वाद नाही.

दिरांना, त्यांनीच मला विकलेला मत्स्यालयाचा तयार दिवा खोक्यासकट परत. "वहिनी, याच्याखाली प्रवाळ नुसते फोफावतील," असं ते म्हणाले होते. प्रवाळ पांढरेफटक पडले. जाब विचारला तर म्हणाले, "पाणी खारट असेल." समुद्राचं पाणी आणखी कसं असतं, ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

म्हणून दिवा मीच बनवला. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर निळे-पांढरे एलईडी, वर उष्णता बाहेर फेकणारा पंखा. मी डाग देत असताना माझे हे टॉर्च धरायचे. पहिल्यांदा बटण दाबलं आणि अख्ख्या इमारतीची वीज गेली. "छान उजेड पडला," हे अंधारातून म्हणाले. दुसऱ्या खेपेला जमलं. तग धरून राहिलेल्या एकुलत्या एका प्रवाळाने हळूहळू रंग धरला, इवली तोंडं उघडली. पुढे आजारपणात ह्यांनी खाट हॉलमध्ये हलवून घेतली आणि शेवटपर्यंत टाकीकडे तोंड करून झोपले. माझ्याकडे पाठ असायची. तक्रार नाही.

दिवा, टाकी, त्यातला सगळा जीव आणि माझी सोल्डरिंगची हत्यारं सुनेला. मुलाच्या कपाळाला आठ्या पडतील. मी रुग्णालयात असताना पंखा बंद पडला, तेव्हा त्याने टाकीला गिऱ्हाईक शोधलं. तिने स्क्रू ड्रायव्हर शोधला, आणि मला फोन केला.

"आई, पंखा तुम्ही उलटा बसवलाय. गरम हवा आतच फिरतेय."

"मग इतकी वर्षं चालला कसा?"

"तुम्हाला घाबरून."

इतकं तोंडावर बोलणारं माणूस या घरात मागे राहतंय, याचं मला समाधान आहे. टाकी हॉलमध्येच राहील. मुलाला सोफा हवा असेल तर तो त्याने स्वयंपाकघरात ठेवावा.

मी गेल्यावर लोक भेटायला येतील. दिवा रोजच्या वेळेला लावायचा. कोणी म्हणेल, आज तरी बंद ठेवा. त्यांना खुर्ची द्यावी, पाणी द्यावं, आणि दिवा लावावा.

लिहून देणार: मी स्वतः (सही)

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई (सही)
२. आमचे डॉक्टर (सही, वाचता येत नाही, पण त्यांचीच आहे)

ठिकाण: टाकीसमोरची खुर्ची
दिनांक: १४ मार्च