बाईंच्या खोलीतला दुसरा डाग

बाई, गेल्या महिन्यात मी तुमची खोली मोजली. चारही भिंती, दाराची चौकट, गॅलरीकडची खिडकी, मोरीचा कट्टा. चाळ पुनर्विकासाला जाते आहे आणि त्याआधी इमारतीची अवस्था तपासून लिहून द्यायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं. करी रोडचा पत्ता कागदावर वाचला तेव्हा मला काही वाटलं नाही. जिन्यात शिरले आणि माझा हात आपोआप कठड्यावरून उठला. कठडा कुठे सुटलाय हे हाताला अजून ठाऊक होतं. वरच्या मजल्यावर जाईपर्यंत मी स्वतःला सांगत होते की असे जिने लालबाग-परळमध्ये सगळीकडे आहेत. ते खरंही आहे.

मी दहावीत असताना तुम्ही गेलात, त्यामुळे पुढचं तुम्हाला माहीत नाही. मी चित्रकलेच्या कॉलेजात जाईन असं तुम्ही आईला सांगितलं होतं. मी स्ट्रक्चरल इंजिनियर झाले. जुन्या इमारतींमध्ये फिरायचं, तडे मोजायचे, तुळया ठोकून बघायच्या, फोटो काढायचे आणि प्रत्येक खुणेपुढे तिचं कारण लिहायचं: ओल, वाळवी, गंज, खचलेला पाया. जे आहे तेवढंच कागदावर यायला हवं. हे मला जमतं. तुमच्याकडेच शिकले.

सकाळी मात्र मी जे नाही ते काढते. प्रभादेवीच्या घरात स्वयंपाकघरातलं टेबल हीच मोकळी जागा आहे. एका टोकाला आईचं पोळपाट, दुसऱ्या टोकाला तुम्ही दिलेला लाकडी बोर्ड. आई डबा करते तोवर मी माझ्या पुस्तकाची चित्रं काढते. कागदावर कणीक उडते, ती मी ब्रशने झाडते. पुस्तक मीच लिहिलं आहे. त्यात एक शहर आहे. तिथे लोक घर सोडून गेले की त्यांच्या सावल्या मागे भिंतीतच राहतात. भिंत पाडायच्या आधी एक मुलगी टेप घेऊन येते, सावल्यांची मापं घेते आणि त्यांना मावेल अशी दुसरी भिंत शोधून देते. कल्पना कुठून आली ते सांगायला नको. रिकाम्या केलेल्या खोल्यांमध्ये मी रोज उभी असते. कॅलेंडर, कपाट, तसबीर जिथे होती तिथे भिंतीचा मूळ रंग फिकट चौकोन होऊन राहिलेला असतो. आणि माणसं वर्षानुवर्षं जिथे टेकून बसली, तिथे डोक्याच्या उंचीवर तेलाचा डाग.

या दोन कामांची मी कधी गल्लत होऊ दिली नाही. पेन्सिली वेगळ्या, पिशव्या वेगळ्या. ऑफिसात पुस्तकाबद्दल कोणाला माहीत नाही. साइटवर मी पुस्तकासाठी काही टिपून घेत नाही. आई म्हणते, तू दोन घरं चालवल्यासारखी वागतेस. तसंच आहे.

तुमच्या खोलीत मात्र ते जमलं नाही. कारण समजण्यासाठी त्या शनिवारची आठवण काढावी लागते. चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा जवळ आली आहे. आम्ही मुली जमिनीवर मांडी घालून, बोर्ड मांडीवर. तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात, डोक्यावर बुद्धाची तसबीर, केसांना माक्याचं तेल, आणि खोलीभर त्याचा वास. स्मरणचित्राचा सराव चालू आहे. विषय तुम्हीच दिलात, 'आमची चित्रकलेची शिकवणी', आणि समोर बघून नाही तर डोळे मिटून आठवून काढायचं असं बजावलंत. मी सगळं नीट काढलं. खिडकीचे गज, स्टोव्ह, भिंतीला टेकलेल्या तुम्ही. तुमच्या आणि कपाटाच्या मधे थोडी जागा उरली, ती चित्रात भोक पडल्यासारखी दिसत होती. तिथे मी एक बाई काढली. गुडघे जवळ घेतलेली, डोकं भिंतीला टेकवलेली, तुमच्याकडे वळलेली. तिच्या केसांची छटा देण्यात वेळ संपला. चेहरा काढायचा राहिला.

तुम्ही चित्र हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरलंत. मग विचारलंत, "हे कोण?"

"कोणी नाही, बाई. जागा रिकामी दिसत होती."

"रिकामी असेल तर रिकामी ठेवायची. स्मरणात नाही ते माणूस भरायचं नाही. भरलेलं माणूस उठत नाही."

मुली हसल्या. तुम्ही हसला नाहीत. मला वाटलं, परीक्षकांना काय चालत नाही ते सांगता आहात. चित्र परत द्याल किंवा खोडायला लावाल असंही वाटलं, पण तुम्ही ते कपाटात ठेवून दिलंत. पुढच्या शनिवारी एक नवी मुलगी कपाटाजवळ बसायला गेली. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तिथे नको, इकडे बस." आवाजात राग नव्हता. कोणी नळावर पाणी भरायला गेलं असावं आणि त्याची जागा धरून ठेवावी, तसा आवाज होता. त्यानंतर तिथे कोणीच बसलं नाही. आम्ही दाटीवाटीने दुसऱ्या भिंतीला बसायचो. दहावीचं वर्ष सुरू झालं तसं माझं येणं बंद झालं. बोर्ड तुम्ही मला त्याच सुमाराला दिलात, दारातच. "आत ये" म्हणाला नाहीत. मला घाई होती, म्हणून बरंच वाटलं.

गेल्या महिन्यात कुलूप उघडून द्यायला तुमच्या समोरच्या खोलीतल्या मावशी आल्या. त्यांचं सामान बांधून झालं होतं. कमरेत वाकल्या आहेत, पण नजर तीच. माझं हेल्मेट, जाकीट, गळ्यातलं ओळखपत्र असं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तू तीच ना गो? बाईंकडे चित्रं काढायला यायचीस ती? आणि आता घरं पाडायला आलीस?" मी म्हटलं, मी पाडत नाही, फक्त तपासते. त्या म्हणाल्या, डॉक्टरपण तसंच म्हणतात.

खोलीत काहीच नव्हतं. फिकट चौकोनसुद्धा नव्हते, कारण तुमच्यानंतर पुतण्याने खोली रंगवून घेतली होती. तुम्ही जिथे टेकायचात त्या जागी मी आधी पाहिलं. स्वच्छ भिंत. इतक्या वर्षांचा तुमचा डाग रंगाच्या एका हातात झाकला गेला होता. आणि कपाटाच्या जागेच्या अलीकडे, जिथे कोणी बसत नव्हतं तिथे, एक डाग होता. गडद, गोल, बसलेल्या मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर.

"तो नाही गेला," मावशी दारातूनच म्हणाल्या. "दोनदा रंग दिला. बाईंचा गेला, तो वर आला."

तेलाचा डाग चुन्यातून वर येतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग पुतण्याचं गाऱ्हाणं सांगता सांगता त्या तुमच्या शेवटच्या वर्षावर आल्या. तुम्ही दुपारी दोन कप चहा करायचात. बोलायचात. एकदा तर हिरवा रंग कुठला वापरायचा यावरून भांडताना गॅलरीत आवाज आला होता, आणि नंतर हसण्याचा. आधी कधी तुम्ही अशा हसत नव्हता, असं मावशींचं म्हणणं. "आम्हाला वाटायचं, तू येतेस."

"मी तेव्हा येत नव्हते."

मावशींनी डागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग कोण यायचं गो?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आपल्या खोलीत गेल्या.

मी काम पुरं केलं. डागाचं माप घेतलं, फोटो काढला. भिंत ठोकून पाहिली, भरीव होती. मागे पाईप नाही, वर गळती नाही. मग जे करायची गरज नव्हती ते केलं, जवळ जाऊन वास घेतला. माक्याचा वास नव्हता. मी बोट लावलं. बोटाला लागलं ते तेल नव्हतं. बोट करडं, चकचकीत झालं. पेन्सिलीने केसांची गडद छटा देताना कागदावर घासून करंगळीची कड जशी होते, अगदी तसं. ते मी रुमालाने पुसलं. रुमाल अजून धुतलेला नाही.

ऑफिसात साहेबांनी फोटो पाहून विचारलं, ओल आहे का. मी नाही म्हटलं. मग कारण लिही, म्हणाले, कारणाशिवाय फोटो जाणार नाही. मी लिहिलं, 'रहिवाशांच्या वापराचा डाग'. अहवालात मी आजवर खोटं लिहिलेलं नाही. हेही खोटं आहे असं मला वाटत नाही.

आता जे तुम्हाला विचारायचं होतं ते. माझ्या पुस्तकाचं शेवटचं चित्र अडलं होतं. दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र आहे. शहरातल्या सगळ्या भिंती गेल्या आहेत, सगळ्या सावल्या मार्गी लागल्या आहेत, आणि मापं घेणारी मुलगी शेवटच्या भिंतीला टेकून बसली आहे. तिच्या शेजारी जागा रिकामी. संपादकांचा फोन आला, चित्र चांगलं आहे पण ती जागा खटकते, तिथे कोणीतरी हवं. मी त्यांना ठामपणे सांगितलं की ती रिकामीच राहील. तुमचाच नियम मी त्यांना सुनावला, फक्त त्यातलं शेवटचं वाक्य सांगितलं नाही. आणि हे सगळं तुमची खोली मोजायच्या आधीचं आहे.

खोली मोजल्यानंतर मी तो नियम दुसऱ्या बाजूने वाचू लागले. तुम्ही खरोखर होता, आणि तुमचा डाग एका रंगात गेला. ती नव्हती, मी नुसती जागा भरायला काढली होती, आणि ती अजून बसून आहे. पावसाळा संपला की ती भिंतही जाईल. मग त्या खोलीत कोणी कधी बसलं होतं हे सांगायला काहीच उरणार नाही. तुम्हाला विचारायला हवं होतं हे मला कळतं. भरलेलं माणूस उठत नाही, आणि तुम्हाला कदाचित उठायचं असेल. इतकी वर्षं शाळेच्या वर्गात उभ्या होतात, आता जिथे आहात तिथे बऱ्या असाल. पण विचारायची सोय नाही, आणि चित्र सोमवारी द्यायचं होतं.

रविवारी सकाळी मी तुम्हाला काढलं. आठवून काढलं, डोळे मिटून, जसं तुम्ही सांगितलं होतं तसं. टेकलेली पाठ, पदराची कड, चष्म्याची सैल काडी. या वेळी चेहरा आधी केला. पाय जमिनीला टेकवले, सावली दिली. तुमच्या पलीकडे थोडी जागा सोडली आहे. ती रिकामीच ठेवली. ती कोणासाठी ते तुम्हाला कळेल. संपादक म्हणाले, आता चित्र पुरं झालं.

हे पत्र मी बोर्डाच्या मागे चिमट्याला लावून ठेवणार आहे. ते तिथेच राहील. एक मात्र लिहायचं राहिलं. आज सकाळी मी बोर्ड काढून बसले होते. आई तिचा चहा घेऊन आली आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढू लागली, रोज बसते तीच. मी चित्रातून मान वर केली नाही. म्हटलं, "तिथे नको, इकडे बस."

आई कप घेऊन इकडे बसली.