पाचवं पान करंगळीचं

१२ नोव्हेंबर, मंगळवार

प्लास्टर निघालं! पण हात माझा वाटतच नाही. बोटं लाकडाची. डाव्या हाताने खरडते आहे, कोंबडी चालून गेल्यासारखं दिसतंय. व्यायाम करून घेणाऱ्या प्रियदर्शिनी मॅडम म्हणाल्या, एकेक बोट हलवत राहा.

दिपेशला विचारलं, घरी कधी सोडतोस? "मॅडम बोलल्या की पाची बोटं मोकळी झाली, त्याच दिवशी दातिवऱ्याला सोडतो, आई." शब्द घेतलाय त्याच्याकडून. लेकाचं घर झालं तरी बोईसरला तिसऱ्या मजल्यावर मी किती दिवस काढू? सून रूपल वाईट नाही. पण लग्न होऊन आली तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे "चहा घेता?" आणि "घेते."

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मॅडमनी दिलेला चेंडू दाबून दाबून वीट आला. रूपल कंपनीचं काम घरूनच करते. दुपारी तिने तिचा जुना लॅपटॉप माझ्यापुढे आणून ठेवला. "आई, पत्ते खेळता ना तुम्ही? हा पोकर. पैसे-बिसे नाहीत, नुसते गुण."

खेळ असा — यंत्र पाच पानं वाटतं. जी ठेवायची त्यांचे आकडे दाबायचे, एक ते पाच. मग खालचं लांब बटण दाबलं की उरलेली पानं जातात आणि त्यांच्या जागी नवी येतात. एकदाच! आलं ते आपलं. तीन सारखी, ओळीने पाच, पाची एका रंगाची, म्हणजे सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक — जितकं अवघड तितके गुण जास्त.

वर तिची अट : एकचा आकडा अंगठ्याने, पाचचा करंगळीने. दुसरं बोट लावायचं नाही. करंगळी ढिम्म! म्हणजे माझं पाचवं पान दर डावाला जाणार. चांगलं होतं हो, बदामाची राणी होती.

१५ नोव्हेंबर

हरले. परत परत हरले.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज यंत्रावर ओरडले. रूपल मीटिंग सोडून धावत आली.

झालं काय, दहा दिसलं की मी धरून बसते. त्यापायी राणी सोडते, गुलाम सोडते. आज दोन दहा जमले, म्हटलं देव पावला! आणि यंत्र म्हणतं, गुण शून्य. रूपल म्हणाली, "जोडी गुलामाची किंवा त्याच्या वरची असली तरच गुण. आणि एकटं दहा कशाला सांभाळता? राणी सांभाळा."

"अगं, मेंढीकोटात दहा म्हणजे जीव! मासळी सुकत घातली की आमी बायका तेच खेळतो. मी दहा घालवलं तर माझी भिडू सोजराबाई माझा हात मोडेल."

"तो मोडलेलाच हाय!"

बोलली आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला. मासवणची आहे ती. गावची बोली माझ्यासमोर पहिल्यांदा तोंडातून निसटली. मी हसले, मग तीही हसली. मीटिंगमधली माणसं लॅपटॉपवर "हॅलो, हॅलो" करत बसली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

उजव्या हातात पेन धरता येतंय. तीन बोटांचं काम आहे ते, म्हणून.

जेवणाच्या सुट्टीत रूपल आता रोज माझ्या शेजारी बसते. आज चार बदाम आले, त्यात एक राजा, आणि पाचवा इस्पिकचा राजा. मी म्हटलं, राजांची जोडी धर, गुण हातात आहेत. ती म्हणाली, "नाय, जोडी मोडा, बदाम धरा." भांडलो. शेवटी तिचं ऐकलं — आणि पाचवं बदाम आलं! जुगारी आहे माझी सून. भिडू असावा तर असा.

मग सहज बोलून गेली, "दिपेशची सेकंड शिफ्ट असली की मी टीव्ही नुसता आवाजाला लावून ठेवायची. आता विसरते लावायला." मला ते फार लागलं.

संध्याकाळी माझ्या जावेचा, सोजराबाईचा, फोन. "कवा येतेस? तुज्या बांबूंवर मी माजे बोंबील सुकत घातलेत. पन जागा तुजीच हाय."

२ डिसेंबर

करंगळीने पाच दाबला! जोरात नाही, पण दाबला. रूपलने टाळ्या वाजवल्या, मग मधेच हात खाली घेतले. मलाही दिपेशचा शब्द आठवला.

८ डिसेंबर, रविवार

रूपलने कोलंबी आणली. तिला साफ करता येत नाही, अर्धं मांस सालाबरोबर टाकते. मला बघवेना. ताट ओढलं आणि बसले. पाची बोटं आपसूक चालली, करंगळीसुद्धा पूर्ण मुडपून! अर्धा किलो झाल्यावर ध्यानात आलं. वर पाहिलं तर रूपल दारात उभी, माझ्या हाताकडेच बघत होती. ताट उचलून आत गेली.

उद्या मॅडमकडे जायचंय. सोजराबाईला फोन करून सांगितलं, माझे बांबू मोकळे कर. तिला केवढा आनंद! मलाही व्हायला हवा होता. कोलंबीचं कालवण झकास झालं होतं, तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

९ डिसेंबर, सोमवार

मॅडमनी विचारलं, "हंसाताई, करंगळी काय म्हणते?"

मी तोंड उघडायच्या आत रूपल म्हणाली, "नाय हो मॅडम, अजून अजिबात वळत नाय." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी हात पदराखाली घेतला. म्हटलं, "आणि दुखते पण फार."