हौसा वाचायला शिकली त्याची हकिगत

पनवेल,
ता. ९ मार्च १९५८

माझा बाळपणीचा सोबती आणि आता मिठागराचा धनी भगवान यास बळीरामचा पनवेलहून पोटभर रामराम. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, निदान मी तरी अजून घरातच राहतो आहे. तुझे पत्र पोचले. भामावहिनींचे गुडघे आता जिना चढू देतात हे वाचून समाधान वाटले (तुमच्या घराला जिना नाही, तेव्हा त्या कुठे चढतात तेही कळव). धाकट्या नातीला दोन दात आले आणि पहिला चावा तिने तुलाच घेतला, हे योग्यच झाले. आनंदा माझगावच्या गोदीत कायम झाला, ही बातमी मी गिरणीत मोठ्याने वाचून दाखवली. हमालांनी चहा मागितला. मी म्हटले, मुलगा ज्याचा त्याच्याकडे मागा. तरी तू पुढच्या वेळी येताना तयारीने ये.

आता आमच्याकडची बातमी. हौसा वाचायला शिकली. वाचून हसू नकोस. मी हसलो होतो, आणि त्याचे काय झाले तेच पुढे लिहितो आहे.

तुला माहीत आहे, आमची चंद्रावती गेल्या जूनपासून पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला आहे. पंधरा दिवसांनी तिचे पत्र येते. ते गिरणीच्या पत्त्यावर येते, मी दुपारी वाचतो आणि संध्याकाळी जेवण झाले की हौसाला वाचून दाखवतो. आता, भाताच्या गिरणीत सतरा वर्षे काढलेला माणूस मी. भात आले तसे कोणी खात नाही. कोंडा काढतो, कणी वेगळी करतो, मग तांदूळ घरात जातो. पत्राचेही मी तसेच करत असे. पोरीला दोन दिवस ताप आला, गाळले. पोर मैत्रिणीच्या सायकलवर बसून पडली, गाळले. आईचा जीव उगाच टांगणीला कशाला? पण दसऱ्याचे जे पत्र आले, त्यात (हे तुला आज पहिल्यांदाच सांगतो आहे) एवढे गाळावे लागले की हातात फक्त 'ती. आईस' आणि 'तुझी चंद्री' राहिले. मधला मजकूर मी माझ्या पदरचा घातला. चांगला घातला होता. "तुम्ही वडीलमाणसे ठरवाल ते मला मान्य आहे" असे एक वाक्य तर मलाच फार आवडले.

वाचून झाले, हौसा भांडी आवरायला उठली आणि जाता जाता म्हणाली, "तुमचा चष्मा कुठं हाय?"

चष्मा गिरणीत राहिला होता. चष्म्याशिवाय मला ताटातला मासा सुरमई की बांगडा ते कळत नाही, आणि मी तीन पाने धडाधड वाचली होती! हौसा भांडी घासायला निघून गेली. दिवाळी होऊ दिली आणि पाडव्यानंतर दुपारची पाटी घेऊन देवळातल्या साक्षरतेच्या वर्गाला जाऊन बसली.

तिथे दमयंतीबाई म्हणून एक शिक्षिका आहेत. आवाज मऊ आणि चिकाटी गोचिडीची. त्यांनी बेचाळीस वर्षांच्या बाईला 'ग म भ न' काढायला लावले. मी दारात उभा राहून हसलो. दुसऱ्या दिवसापासून हौसाने घरात जागा म्हणून ठेवली नाही. भिंतीवर कोळशाने 'ग', रांजणावर खडूने 'म', मी पाठीला तेल लावून घ्यायला बसलो तर पाठीवर बोटाने 'क्ष'. वाचायला यायला लागल्यावर तर तिच्याबरोबर बाजारात जाणे मुश्कील झाले. एसटी स्टँडपासून घर दहा मिनिटांवर, आम्हाला दीड तास लागतो, कारण वाटेतली एक पाटी ती सोडत नाही. न्हाव्याच्या दुकानापुढे तिने 'के-श-क-र्त' सुरू केले तेव्हा एक गृहस्थ डोईभर केस घेऊन आत गेले. ते तुळतुळीत होऊन बाहेर आले तेव्हा ही 'ल-य' पर्यंत पोचली होती. आणि 'येथे थुंकू नये' हे तिने नेमके माझ्या तोंडात तंबाखू असताना सगळ्या बाजारपेठेला ऐकू जाईल असे वाचले. मी गिळली. दोन दिवस पोट धरून होतो.

तेव्हा मी ओळखले की आता पत्रे घरात नकोत. ट्रंकेतला गठ्ठा काढला, गिरणीत नेला आणि कोपऱ्यातल्या कोंड्याच्या पोत्यात खोल खुपसला. चार दिवसांनी पाहतो तर पोते नाही. कामोठ्याच्या बुधाजी गवळ्याने म्हशींसाठी नेले होते. तसाच निघालो. कामोठ्यापर्यंत उन्हातून चालत गेलो आणि गोठ्यात शिरलो. एक म्हैस शांतपणे काहीतरी चघळत होती, तिच्या तोंडातून सुतळी लोंबत होती. बुधाजीने म्हशीला धरले, मी सुतळीला. ताप आल्याचे पत्र गेले. बाकीची ओली झाली पण वाचली.

केसांत कोंडा, सदऱ्याला म्हशीची लाळ, हातात गठ्ठा, असा घरी पोचलो तो हौसा उंबऱ्यातच बसलेली. मी काही सबब सांगणार तोच ती म्हणाली, "बसा. इतके दिस तुमी वाचलंत, मी ऐकलं. आज मी वाचते, तुमी ऐका."

तिने दसऱ्याचेच पत्र काढले. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होती. मी मध्ये एक शब्द सांगायला गेलो तर नुसते पाहिले. चंद्रीने लिहिले होते: "आई, आनंदा चांगला आहे, माझी त्याला ना नाही. पण वैशाखात लग्न झाले तर माझे दुसरे वर्ष बुडेल. मला ट्रेनिंग पुरे करून एक वर्ष तरी शाळेत शिकवायचे आहे. बाबांना शब्दाची काळजी. तू त्यांना सांगशील ना? तुझ्या उत्तराची वाट पाहते."

आणि त्याला उत्तर मी काय पाठवले होते ठाऊक आहे? "आई म्हणते, लग्न वैशाखातच."

मला वाटले, आता भांडी उडतील. हौसा रडली नाही की ओरडली नाही. पत्राची घडी घातली, मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "पाच म्हयने पोर मना हाका मारतंय, आन मी घरात बसून ओ देत नाय. काय वाटलं असंल तिला?"

भगवान, तुझ्यापाशी खोटे कशाला बोलू, त्यापेक्षा तिने वरवंटा हाणला असता तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी तिने पोस्टाचे कार्ड आणायला लावले. तीन कार्डे वाया गेली, चौथ्यावर सगळी दुपार घालवून दोन ओळी उतरल्या: 'चंदरे, तू शिक. मी हाय.' मी म्हटले, दे, पोस्टात टाकतो. म्हणाली, "तुमच्या हाती नाय." स्वतः गेली, पेटीवरचे नाव वाचून खात्री केली आणि मग टाकले. आठ दिवसांत उत्तर आले, तेही घरी, सौ. हौसाबाई बळीराम या नावाने. पोस्टमन अंगणात उभा राहून विचारतो, या बाई कोण? हौसा हात पुसत पुढे झाली.

ते पत्र तिने मनातल्या मनात वाचले. मध्ये एकदा हसलीसुद्धा. मी विचारले, काय लिहिते? म्हणाली, "बरी हाय." पाने चांगली चार होती. मी पुन्हा विचारले. "तुमाला रामराम सांगितलाय." एवढे बोलून पत्र कमरेला खोचले. तेव्हापासून माझ्या वाट्याला फक्त तांदूळ येतो आहे, तोही मूठभर.

असो. मीठ यंदा चांगले धरले असेल अशी आशा आहे. भामावहिनींस नमस्कार, नातीच्या दातांस जपून आशीर्वाद.

तुझा,
बळीराम

ता. क. : पत्र ज्यासाठी लिहायला घेतले ते वर लिहायचा धीर झाला नाही, म्हणून इथे लिहितो. वैशाखातले लग्न दोन वर्षे पुढे टाकावे ही विनंती. सुपारी मी फोडली, शब्द मी दिला, पोरीचे म्हणणे मी दडपले. तेव्हा चार माणसांत जे काय ऐकवायचे ते मलाच ऐकव, मी मान खाली घालून ऐकेन. आनंदाला थांबायचे नसेल तर तेही मोकळेपणी कळव. दुःख होईल, पण पोरीला मी आता मध्येच उठवणार नाही. हे पक्के आहे. आपली मैत्री शब्दापेक्षा मोठी आहे असे धरून चाललो आहे. उत्तर लवकर दे, मला घास गोड लागत नाही.

दुसरी ता. क. : खालची जागा हौसाने स्वतःसाठी मागून घेतली आहे. ती काय लिहिणार ते मला दाखवणार नाही, आणि पाकीटही तीच चिकटवणार आहे.

भगवानदादा, हौसाचा रामराम. यांनी लिवलं ते समदं खरं हाय. मी रडले नाय तेवढं खोटं. मी पडवीत जाऊन रडले. चंदरी लिवते की आनंदा तिला पुण्याला कागद धाडतो. दोन साल थांबायला तो दिवाळीपासून तयार हाय. तुमाला सांगायला घाबरतो. हे मी यांना वाचून दाखवलं नाय. तुमीपण यांना लगेच कळवू नका. आठ दिस जाऊ देत.